‘करोडपती’ची खुर्ची: बक्षीस आणि हक्क

(ब्राह्मणपुरी, ता. शहादा, जि. नंदुरबार इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



रात्रीच्या पाळीची वीज आलेली असताना, मोटर चालू करायची सोडून तुम्ही इथे येऊन बसलात, त्याबद्दल आधी आभार मानतो. विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत जरा हशा झाला, तो आम्ही ऐकला. व्याख्यान म्हटलं की संत, इतिहास, शेतीचा भाव. टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेवर कसलं आलंय व्याख्यान? पण बघा, नाटक आलं की आपण त्याची समीक्षा करतो, सिनेमा आला की करतो. जो कार्यक्रम चोवीस-पंचवीस वर्षं आपल्या ओसरीवर येऊन बसलाय, त्याची मात्र फक्त वाट बघतो. म्हणून आज ‘कौन बनेगा करोडपती’ आणि त्याची मराठी भावंडं यांच्याकडे नाटकासारखं बघू. संहिता काय, पात्रं कोण, कोणाच्या तोंडी काय वाक्य आहे आणि कोणाला वाक्यच नाही.

सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्हाला ‘करोडपती’ घ्यायला सांगितलं होतं. आम्ही कोट घातला, आवाज जाड केला, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या समोरासमोर मांडल्या. सातवीतली एक मुलगी समोर आली. आम्ही विचारलं: देशातलं पहिलं आधार कार्ड कोणत्या गावात दिलं गेलं? चार पर्याय दिले. तिनं पर्याय पूर्ण ऐकलेही नाहीत. म्हणाली, “टेंभली.” टाळ्या पडल्या. आपल्याच शहादा तालुक्यातलं गाव. २९ सप्टेंबर २०१० ला पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी तिथे आले होते आणि रंजना सोनवणे या बाईंना पहिलं कार्ड मिळालं होतं. मुलीनं उत्तर दिलं, पण खुर्चीवरून उठली नाही. तिनं विचारलं, “मग सर, पुढे त्या बाईंचं काय झालं? त्यांना काय मिळालं?”

आमच्या हातातल्या कार्डावर याचं उत्तर नव्हतं. आम्ही काय करावं? जाड आवाजात म्हणालो, “वेळ संपली!” सगळे हसले, मुलगीही हसली आणि खाली गेली. त्या वेळी आम्हाला वाटलं, काय छान सावरलं. घरी जाताना मात्र ते मनात बोचायला लागलं. मुलीनं उत्तर दिलं त्याचं आम्ही बक्षीस दिलं, आणि तिनं प्रश्न विचारला तेव्हा तिला खाली बसवलं. आजचं व्याख्यान त्या बोचण्यातून निघालं आहे.

आता जरा इतिहास. हा खेळ मूळचा ब्रिटनचा. ४ सप्टेंबर १९९८ ला तिथल्या टीव्हीवर तो सुरू झाला. आपला नंदुरबार जिल्हा त्याच वर्षी १ जुलैला धुळ्यातून वेगळा झाला, म्हणजे दोघं एकाच वयाचे समजा. ३ जुलै २००० ला अमिताभ बच्चन यांना घेऊन तो हिंदीत आला. मराठीत २०१३ मध्ये ‘कोण होईल मराठी करोडपती’ सचिन खेडेकरांनी केला, आणि २०१९ मध्ये ‘कोण होणार करोडपती’ नागराज मंजुळेंनी.

त्याआधी टीव्हीवर प्रश्नमंजूषा नव्हती असं नाही. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं ‘क्विझ टाइम’ होतं. पण त्यात बसायचे कॉलेजचे संघ, आणि भाषा इंग्रजी. शहाद्याच्या एसटी स्टँडवर उभ्या राहिलेल्या मुलाला ते लांबून बघायला होतं. हे बसू पुढे ‘करोडपती’च्या निर्मितीतही होते, आणि या वेळी दार उघडलं. हिंदी भाषा, चार पर्याय, आणि फोन करून कोणीही नाव नोंदवावं. या खेळानं आपल्यासारख्यांना आत घेतलं, हे त्याचं मोठं श्रेय आहे. ते आम्ही पहिल्यांदाच देऊन टाकतो, म्हणजे पुढे टीका करायला मोकळे.

दुसरं श्रेय आदराचं. बच्चन साहेब समोरच्या शेतमजुराला, शिक्षिकेला, शिपायाला ‘आप’ म्हणतात, खुर्चीवर बसताना आधार देतात. आपल्याकडे तालुक्याच्या कचेरीत खिडकीपलीकडचा माणूस ‘अरे ए’ म्हणतो. मंजुळे तर पाहुण्याशी शेजारच्यासारखे बोलायचे. माणसाला नीट बसवून, नाव घेऊन, थांबून ऐकणं ही टीव्हीवर दुर्मीळ गोष्ट आहे. लोक नुसत्या पैशांसाठी हा कार्यक्रम बघत नाहीत, त्या बसवण्यासाठीही बघतात, असं आमचं मत आहे.

आता खेळाची संहिता उघडू.

पहिल्या वर्षी पंधरा प्रश्न होते. हजारापासून सुरू, पाचव्याला दहा हजार, दहाव्याला तीन लाख वीस हजार, मग सहा लाख चाळीस हजार, साडेबारा लाख, पंचवीस, पन्नास आणि शेवटी एक कोटी. दहा हजार आणि तीन लाख वीस हजार हे पडाव. तिथपर्यंत पोहोचलात की तेवढे पैसे पक्के. आता समजा तुम्ही पंचवीस लाख जिंकून बसलात आणि पुढचा प्रश्न पन्नास लाखांचा आहे. बरोबर आलात तर पंचवीस लाख वाढतात. चुकलात तर तीन लाख वीस हजारांवर पडता, म्हणजे हातचे एकवीस लाख ऐंशी हजार जातात. गणिताच्या मास्तरला विचारलंत तर तो म्हणेल, निम्मी खात्री असली तरी खेळा, हिशोब तुमच्या बाजूनं आहे.

पण ज्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, मुलीचं लग्न तोंडावर आहे, घराला पत्रे आहेत, त्याला हा हिशोब लागू पडतो का? त्याच्यासाठी पहिले पंचवीस लाख म्हणजे घर, आणि पुढचे पंचवीस लाख म्हणजे जास्तीचे पैसे. एकवीस लाख घालवायची त्याची हिंमत होणार नाही, आणि होऊही नये. ज्याच्या घरी आधीच सगळं आहे तो निम्म्या खात्रीवर खेळू शकतो. गरिबाला पूर्ण खात्री लागते. प्रश्न दोघांना तोच, घड्याळ तेच, दिवे तेच, पण दोघं एकच खेळ खेळत नाहीत. ज्ञानाची शर्यत सगळ्यांना समान, असं जे वाटतं ना, त्याला इथे पहिली फट आहे. आणि जिंकल्यावर तीस टक्के कर. उद्योगपतीचा मुलगा जिंको की सालदाराचा, दर तोच.

या संहितेत आम्हाला सगळ्यात जास्त आवडणारी जागा कोणती, सांगू? “मी खेळ सोडतो” म्हणण्याची सोय. ‘मला माहीत नाही’ असं म्हटल्यावर टाळ्या पडतात आणि वर पैसेही मिळतात, अशी आपल्याकडे ही एकच जागा असावी. शाळेत ‘माहीत नाही’ म्हटलं की छडी, मुलाखतीत म्हटलं की बाहेर. इथे मात्र आपल्या माहितीची हद्द ओळखणाऱ्याला मान आहे. अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरांनो, हे शिकण्यासारखं आहे.

तशीच एक जागा प्रेक्षकांच्या कौलाची. अमेरिकेतल्या याच खेळाची आकडेवारी जेम्स सुरोविकी या लेखकानं २००४ मध्ये मांडली. फोन करून विचारलेला जाणकार मित्र सुमारे ६५ टक्के वेळा बरोबर निघायचा, आणि सहज म्हणून स्टुडिओत येऊन बसलेले प्रेक्षक ९१ टक्के वेळा. म्हणजे एका हुशारापेक्षा पारावरची माणसं बरी. (हशा) हसू नका, आकडा खरा आहे.

आता पात्रांकडे येऊ. इथे आमची खरी तक्रार आहे.

पहिला करोडपती २००० मध्ये झाला: हर्षवर्धन नवाथे. मराठी, मुंबईचा, पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा, प्रशासकीय सेवेच्या परीक्षेची तयारी करणारा. त्याला बघताना आपण म्हणायचो, ‘काय पोरगं आहे, काय काय माहीत आहे त्याला!’ लक्ष त्याच्या माहितीवर होतं. पुढे खेळाचा सूर बदलत गेला. २०१० मध्ये घोषवाक्य आलं की कोणताही प्रश्न लहान नसतो. २०११ मध्ये, कोणताही माणूस लहान नसतो. आणि २०१२ मध्ये आलं ते सगळ्यात ठसठशीत: फक्त ज्ञानच तुम्हाला तुमचा हक्क मिळवून देतं.

‘हक्क’ हा शब्द इथे आला, तो धरून ठेवा.

या वर्षांत स्पर्धकाच्या आधी त्याची छोटी फिल्म येऊ लागली. मातीचं घर, चूल, आजारी वडील, तुटकी सायकल, मागे सनई किंवा बासरी. मग तो माणूस खुर्चीत बसतो. आता आपण त्याच्या माहितीइतकंच त्याच्या अडचणीकडे बघतो. २००० मध्ये विचारायचो, याला काय येतं? आता विचारतो, याच्याकडे काय नाही?

२०१९ मध्ये त्या खुर्चीत बबिताताई ताडे बसल्या. अमरावती जिल्ह्यातलं अंजनगाव सुर्जी. शाळेत शालेय पोषण आहाराची खिचडी शिजवायच्या. मानधन महिन्याला दीड हजार रुपये. काय घ्यायचंय, असं विचारलं तर म्हणाल्या, घरात एकच मोबाइल आहे, आपला स्वतःचा एक असावा. बच्चन साहेबांनी तो तिथेच भेट दिला. आणि एक कोटीचा प्रश्न कोणता होता? १८५७ च्या उठावाचे स्वतःचे अनुभव ‘दास्तान-ए-गदर’ या पुस्तकात लिहिणारा, बहादुरशाह जफरच्या दरबारातला शायर कोण? जहीर देहलवी. खिचडी ढवळणाऱ्या बाईंनी उर्दू शायराचं नाव सांगितलं आणि एक कोटी जिंकले. सात कोटींच्या प्रश्नावर थांबल्या. आपल्या माहितीची हद्द ओळखली.

त्या रात्री आम्ही टीव्हीसमोर रडलो, खोटं कशाला बोला. पण नंतर पाटी घेऊन बसलो. एक कोटी भागिले दीड हजार. उत्तर येतं सहा हजार सहाशे सहासष्ट महिने, म्हणजे पाचशे पंचावन्न वर्षं. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दीडशेहून जास्त वर्षं आधीपासून बबिताताईंनी खिचडी शिजवायला घेतली असती, एक पैसा खर्च केला नसता, तर २०१९ मध्ये एक कोटी झाले असते. आता महिन्याचे पंचवीस दिवस धरा. दीड हजार म्हणजे रोजचे साठ रुपये. त्यात धुरात उभं राहणं, धुणं, घासणं आलं.

त्या भागात हा दीड हजाराचा आकडा अनेकदा ऐकू आला. कशासाठी? एक कोटी आणखी मोठे दिसावेत म्हणून. त्या आकड्यानं टाळ्या वाढवल्या. पण दीड हजार का, असं त्या झगमगाटात कोणी विचारलं नाही. केंद्र सरकारनं ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केली. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की मुलांना शिजवलेलं अन्न द्या. म्हणजे शिजवलेलं जेवण हा मुलाचा हक्क झाला. आणि ते शिजवणारीला काय? ‘मानधन’. हा शब्द मोठा चतुर आहे, मंडळी. ‘वेतन’ म्हटलं की किमान वेतनाचा प्रश्न उभा राहतो. ‘मानधन’ म्हटलं की मान तुमचा, धन थोडंसं.

आमची टीका एवढीच आहे. हा खेळ बक्षीस आणि हक्क शेजारी शेजारी ठेवतो आणि एकानं दुसऱ्याचं उत्तर दिलं असं भासवतो. बबिताताईंनी एक कोटी मिळवले ते बक्षीस, आणि ते त्यांनी स्वतःच्या वाचनावर मिळवलं. साठ रुपये रोज हा हक्काचा प्रश्न. तो जहीर देहलवीचं नाव माहीत असण्यावर अवलंबून नाही. ज्या बाईला ते नाव माहीत नाही तिलाही पुरी मजुरी मिळायला हवी. ‘फक्त ज्ञानच हक्क मिळवून देतं’ हे वाक्य उलटं करून बघा: ज्याला उत्तर येत नाही, त्याला हक्क नाही. हे आपल्याला मान्य आहे का?

याच्या शेजारची एक गोष्ट. विकास स्वरूप यांची एक कादंबरी आहे, २००५ ची. तिच्यावर २००८ मध्ये ‘स्लमडॉग मिलियनेअर’ निघाला. त्यात गरीब मुलगा एकामागून एक बरोबर उत्तरं देत शेवटच्या प्रश्नापर्यंत पोहोचतो आणि पोलीस त्याला पकडतात, कारण याला माहीत असेलच कसं? प्रत्यक्षात ब्रिटनमध्ये या खेळात फसवणूक केल्याबद्दल २००३ मध्ये कोणाला शिक्षा झाली? सैन्यातल्या एका मेजरला. स्टुडिओतल्या खोकल्याच्या इशाऱ्यावर तो उत्तरं द्यायचा. संशय झोपडीवर, पकडला गेला मेजर. बबिताताईंचं उत्तर ऐकून आपण जे आश्चर्यानं ‘अरे वा’ म्हणालो, त्यात कौतुक होतं, पण थोडा तो संशयही होता. खिचडी करणारी बाई वाचत असेल, हे आपल्या मनातच नव्हतं.

आता जरा बिहारला जाऊ, आणि तिथून परत इथेच येऊ. २०११ मध्ये मोतिहारीच्या सुशील कुमारांनी पाच कोटी जिंकले. काम काय करायचे? मनरेगाच्या कार्यालयात कॉम्प्युटर ऑपरेटर, पगार महिन्याला सहा-साडेसहा हजार. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की जिंकल्यानंतरची काही वर्षं त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट होती. मदतीच्या नावाखाली लोकांनी फसवलं, व्यसन लागलं, घरात भांडणं झाली. नंतर ते सावरले, चंपारणात चाफ्याची झाडं लावण्याची मोहीम त्यांनी घेतली. बक्षिसाचे पैसे टिकवायलाही आधार लागतो, आणि खुर्चीवरून उतरल्यावर तो द्यायला कोणी नसतं.

पण आम्हाला त्यांच्या नोकरीबद्दल बोलायचंय. मनरेगा आली कुठून? २००५ च्या केंद्राच्या कायद्यातून. आणि त्या कायद्याच्या आधी होती आपली महाराष्ट्राची रोजगार हमी. वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७२ च्या दुष्काळात ती वाढली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम. त्यात काम मागणाऱ्याला चार पर्याय देत नाहीत, सामान्यज्ञान विचारत नाहीत. हात आहेत आणि काम हवंय, एवढं पुरतं. याला हक्क म्हणतात.

आणि त्याच वर्षांत आपल्या शहाद्यात काय चाललं होतं? अंबरसिंग सुरतवंती गावोगाव फिरत होते. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. सालदाराची मजुरी किती, गेलेली जमीन कोणाची, असे प्रश्न ती माणसं विचारत होती. या सभेत दोन्ही बाजूंच्या घरांतली माणसं बसली आहेत, आम्हाला माहीत आहे, म्हणून जपून बोलतो. कोणाचं काय चुकलं याचा निवाडा आज करायचा नाही. पण एवढं तर दोन्ही बाजू मान्य करतील की मजुरीचा जो काही दर वाढला, तो कोणाला बरोबर उत्तर आलं म्हणून वाढला नाही. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी प्रश्न विचारला आणि तो सोडला नाही, म्हणून वाढला.

कोणी म्हणेल, मास्तर, एका करमणुकीच्या कार्यक्रमाकडून तुम्ही फार अपेक्षा करता. त्यानं क्रांती करावी का? नाही. टीव्हीनं टीव्हीचं काम करावं. बबिताताईंमुळे खिचडी शिजवणाऱ्या बाया देशाला दिसल्या, हेही खरं आहे. आमच्या सभांनी त्या दिसल्या नव्हत्या. तेव्हा कार्यक्रम बंद करा असं आम्ही म्हणत नाही, आणि नाव नोंदवू नका असंही म्हणत नाही. जरूर नोंदवा, जरूर जा. ब्राह्मणपुरीचं पोर तिथे बसलं तर आम्ही इथे पडदा लावू. बघताना मात्र दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. फिल्ममध्ये चूल दिसली, दीड हजार ऐकू आलं, की डोळे पुसा आणि मग विचारा, हा आकडा ठरवला कोणी? त्या प्रश्नाला पर्याय नसतात, घड्याळ नसतं. त्याचं उत्तर खुर्चीतल्या बाईनं द्यायचं नसतं. ते आपण द्यायचं असतं.

आणि घरी जाऊन करण्यासारखं एक काम. तुमचं मूल ज्या शाळेत जातं तिथे खिचडी कोण शिजवतं, तिचं नाव काय, तिला महिन्याला किती मिळतात आणि मागचे पैसे कधी मिळाले, एवढं विचारून या. सामान्यज्ञानाच्या कोणत्याही पुस्तकात हे सापडणार नाही.

त्या मुलीला आम्ही पुढे पुन्हा भेटलो नाही. आता ती कॉलेजात असेल. तिचा प्रश्न अजून आमच्याकडे आहे. टेंभलीचं नाव आम्हाला पाठ होतं, तारीख पाठ होती, पाहुणे कोण आले ते पाठ होतं. ज्या बाईंच्या हातात ते कार्ड दिलं, त्यांची विचारपूस करायला आम्ही इतकी वर्षं गेलो नाही, आणि गाव आपल्याच तालुक्यात आहे. हा दोष टीव्हीचा नाही, आमचा आहे.

थांबतो. आता तुम्ही विचारा. मागच्या रांगेपासून सुरू करू, आणि वेळ संपली असं आज कोणी म्हणणार नाही.